इंजिन चौथऱ्यावरून खाली घ्या

रेल्वेच्या विभागीय कार्यालयाचं आवार असो, एखादं मोठं स्टेशन असो की संग्रहालयाची हिरवळ. वाफेचं जुनं इंजिन दिसलं तर बहुधा चौथऱ्यावरच दिसतं. काळाभोर ऑइलपेंट, चाकांच्या कडांना पांढरा पट्टा, पुढे तांबडा रंग, शेजारी फलक आणि भोवती साखळीचं कुंपण. पंधरा ऑगस्ट किंवा मोठ्या साहेबांची पाहणी जवळ आली की रंगाचा आणखी एक हात बसतो. मुलं फोटो काढून घेतात, मोठी माणसं ‘काय दणकट काम होतं तेव्हाचं’ म्हणतात आणि वारसा जपला गेला अशी सगळ्यांची समजूत होते.

प्रत्यक्षात ते इंजिन सावकाश कुजत असतं. पुढच्या धुराच्या पेटीत जी काजळी साचलेली असते तिच्यात गंधक असतं. चिमणीतून पावसाचं पाणी आत उतरलं की त्याचं आम्ल होतं आणि ते तळाचा पत्रा खात बसतं. बॉयलरची उष्णता टिकावी म्हणून त्याभोवती गुंडाळलेलं आवरण ओल धरतं. वरून पातळ पत्र्याचा अंगरखा असल्यामुळे आतला गंज कोणाला दिसत नाही. असे तीस-चाळीस पावसाळे जातात. पितळी वाल्व, पाण्याची पातळी दाखवणारी काचनळी, शिट्टी, तांब्याच्या नळ्या हे सगळं तर आधीच नाहीसं झालेलं असतं. रंगाचे थर मात्र वाढत जातात. आतलं लोखंड पातळ आणि बाहेरचा रंग जाड, अशी आपली वारसाजतन.

माझं म्हणणं सरळ आहे. यांतली मोजकी इंजिनं, अगदी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, चौथऱ्यावरून खाली घ्यावीत, छपराखाली आणावीत आणि नागरिकांच्या स्वयंसेवी गटांना उघडायला द्यावीत. उघडायला म्हणजे खरोखर उघडायला: नट खोलायला, गंज खरवडायला, मापं घ्यायला, सडलेला पत्रा कापून नवा बसवायला, आणि जमलं तर एक दिवस त्यात पुन्हा वाफ भरायला. मालकी रेल्वेचीच राहू दे. हात नागरिकांचे असू देत.

हे ऐकून रेल्वेतल्या माणसाच्या कपाळावर आठ्या पडतात. हौशी लोक आणि बॉयलर हे दोन शब्द एका वाक्यात आले की पडायलाच हव्यात. पण हौशी लोक काय करू शकतात याचा सत्तर वर्षांहून जुना पुरावा ब्रिटनमध्ये पडलेला आहे, तो आधी पाहू.

वेल्समध्ये टॅलिलिन नावाची पाटीच्या दगडाच्या खाणीची छोटी रेल्वे होती. १९५० मध्ये तिचे मालक वारले. रूळ गवतात बुडालेले, स्लीपर कुजलेले, सरकारला तिच्यात काडीचा रस नव्हता. त्या ऑक्टोबरात बर्मिंगहॅमच्या एका हॉटेलात काही मंडळी जमली आणि १४ मे १९५१ ला त्यांनी स्वयंसेवकांच्या बळावर गाडी सोडली. तेव्हा तिथे चालण्याजोगं एकच इंजिन होतं, तेही १८६६ चं. शेजारची कॉरिस रेल्वे बंद पडलेली होती. तिची दोन इंजिनं पंचवीस पंचवीस पौंडांना विकत आणली. जगातली स्वयंसेवकांनी चालवलेली ही पहिली वारसा रेल्वे. ती आजही चालते.

त्याहून बोलकी गोष्ट भंगाराच्या यार्डातली आहे. ब्रिटिश रेल्वेने ऑगस्ट १९६८ मध्ये मुख्य मार्गांवरचं वाफेचं युग संपवलं आणि हजारो इंजिनं भंगारात गेली. दक्षिण वेल्समधल्या बॅरी गावच्या वुडहॅम बंधूंच्या यार्डाने त्यांपैकी २९७ विकत घेतली होती. पण त्याच काळात जुने मालडबेही ढिगाने येत होते आणि डबे तोडणं सोपं होतं. कामगार डबे कापत राहिले, इंजिनं समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात उभी राहिली. कोणी वारशाचा विचार केला म्हणून ती वाचली नाहीत; सोपं काम आधी उरकायची माणसाची सवय त्यांच्या पथ्यावर पडली. मग हौशी गट येऊ लागले. वर्गणी काढायची, एक इंजिन विकत घ्यायचं, ट्रेलरवर चढवून न्यायचं. शेवटी २९७ पैकी २१३ इंजिनं त्या यार्डातून जिवंत बाहेर पडली. सगळी चालू झाली नाहीत, काही आजही सुट्या भागांत पडून आहेत. पण आज ब्रिटनच्या वारसा रेल्वेंवर धावणाऱ्या इंजिनांतली कितीतरी या बॅरीच्या गंजातून आलेली आहेत.

त्यातल्या एका इंजिनाची कथा मला फार महत्त्वाची वाटते, कारण ती नुसत्या जिद्दीची नाही. ‘ड्यूक ऑफ ग्लॉस्टर’ हे १९५४ मध्ये क्रू इथे बांधलेलं, आपल्या वर्गातलं एकुलतं एक इंजिन. रेल्वेत त्याचं नाव खराब होतं. कोळसा फार खातं, वाफ पुरेशी करत नाही, ड्रायव्हर-फायरमन वैतागलेले. आठच वर्षांत, १९६२ मध्ये, ते निवृत्त झालं. त्याची वाफ सोडणारी झडपांची रचना वेगळी होती, म्हणून एक सिलिंडर कापून लंडनच्या विज्ञान संग्रहालयात ठेवला गेला आणि उरलेला सांगाडा बॅरीला पोचला. १९७४ मध्ये स्वयंसेवकांनी तो विकत घेतला तेव्हा जाणकारांनीही मान हलवली होती. सिलिंडर नाहीत, झडपा नाहीत, सुटे भाग जगात कुठेच नाहीत. त्यांनी मूळ नकाशे मिळवले आणि एकेक भाग नकाशाशी ताडून पाहत, नव्याने घडवत, बारा वर्षं काम केलं. ते करताना त्यांच्या लक्षात आलं की जाळाला खालून हवा देणारी दारं नकाशाबरहुकूम झालेलीच नव्हती. ती आखूड होती. म्हणजे इंजिनाचा जन्मापासून श्वास कोंडलेला होता, आणि दोष मात्र आराखड्यावर गेला होता. ती चूक सुधारली, धूर ओढणारी रचनाही बदलली, आणि १९८६ मध्ये ते इंजिन पुन्हा चाललं तेव्हा रेल्वेच्या सेवेत असताना कधी चाललं नव्हतं असं चाललं.

रेल्वेच्या पगारी अभियंत्यांना ही चूक सापडली नाही, कारण त्यांच्या मागे वेळापत्रक होतं आणि वाफेची विल्हेवाट लावण्याचा निर्णय झालेला होता. हौशी माणसाकडे पैसा कमी असतो, हत्यारं कमी असतात, पण ‘हे असं का आहे?’ असं विचारत एका भागापाशी महिनाभर बसण्याची चैन त्याला परवडते. जुन्या यंत्राचं खरं संशोधन अशा फुरसतीत होतं. चौथऱ्यावरच्या इंजिनाला कोणी असा प्रश्न विचारत नाही.

आता आपल्याकडे या. भारतात वाफेचा इतिहास काही किरकोळ नाही. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला गेलेली गाडी साहिब, सिंध आणि सुलतान या तीन इंजिनांनी ओढली, हे शाळेतल्या पोरालाही पाठ असतं. त्या तिघांपैकी एकही आज अस्तित्वात नाही. १८९५ मध्ये अजमेरच्या कारखान्यात भारतात बांधलेलं पहिलं इंजिन तयार झालं. साठच्या दशकात भारतीय रेल्वेकडे वाफेची दहा हजारांहून अधिक इंजिनं होती. चित्तरंजनच्या कारखान्यातून ब्रॉडगेजचं शेवटचं वाफेचं इंजिन, ‘अंतिम सितारा’, १९७० मध्ये बाहेर पडलं आणि ब्रॉडगेजवरची शेवटची नियमित वाफेची गाडी डिसेंबर १९९५ मध्ये धावली. म्हणजे वाफ आपल्याकडे ब्रिटनपेक्षा पाव शतक जास्त जगली.

या पाव शतकाचा फायदा आपल्या हाती होता आणि तो आपण घालवत चाललो आहोत. १९९५ मध्ये तिशीत असलेला फायरमन आज साठीत आहे. त्याला कोळसा कुठे फेकायचा, कधी पातळ पसरायचा, चढ येण्याआधी किती मिनिटं वाफ वाढवून ठेवायची, हे हाताला ठाऊक आहे. भुसावळ, दौंड, मनमाड, मिरज इथल्या शेडमधून जे फिटर आणि बॉयलरमेकर निवृत्त झाले, त्यांच्यातले अनुभवी लोक तर सत्तरी-ऐंशीत आहेत. त्यांच्याकडची विद्या कुठल्या पुस्तकात पूर्णपणे उतरलेली नाही, उतरू शकतही नाही.

एक उदाहरण देतो. बॉयलरच्या आत जाळाची पेटी असते आणि तिच्या भिंती बाहेरच्या भिंतींना शेकडो जाड सळयांनी जोडलेल्या असतात. शेडमध्ये त्यांना ‘स्टे’ म्हणतात. वाफेच्या दाबाने त्या भिंती फुगू नयेत म्हणून हे स्टे. एखादा आतून तुटला तर वरून कळत नाही. तपासणारा माणूस पेटीत वाकून शिरतो, हातोडीने एकेका स्टेवर टोला मारतो आणि ऐकतो. धड स्टे खणखणतो, तुटलेल्याचा आवाज बद्द येतो. शेकडो टोल्यांमधला तो एक बद्द आवाज ओळखणारा कान तयार व्हायला वर्षं लागतात, आणि तो कान तयार असलेल्या माणसाच्या शेजारी उभं राहूनच तयार होतो. अल्ट्रासोनिक यंत्रं आली आहेत, ती वापरावीतच. पण यंत्र पत्र्याची जाडी सांगतं. कुठे मोजायचं ते म्हातारा फिटर सांगतो.

रेल्वेने काहीच केलं नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. हरियाणातल्या रेवाडीची १८९३ ची शेड जिवंत ठेवून तिथे वाफेची इंजिनं चालू स्थितीत राखली आहेत. निलगिरीच्या रेल्वेसाठी तिरुचिरापल्लीच्या गोल्डन रॉक कारखान्याने या शतकात चक्क नवी वाफेची इंजिनं बांधली. आधी तेलावर चालणारी, नंतर कोळशावरचंही. म्हणजे सरकारी कारखान्यात हात अजून आहेत. पण ते फायलीच्या इशाऱ्यावर चालतात. १८५५ ची ‘फेअरी क्वीन’ नव्वदच्या दशकात दुरुस्त झाली, दिल्ली-अलवर धावली, गिनेस बुकात गेली. मग ती उभी राहिली आणि तिचे भाग चोरीला गेले, तेव्हा चेन्नईच्या पेरांबूर कारखान्यात पुन्हा नव्याने काम काढावं लागलं. उत्साही अधिकारी असतो तोवर इंजिन चालतं, त्याची बदली झाली की थांबतं. टॅलिलिनला बदली होत नाही. तिथला माणूस कंटाळला तर दुसरा येतो, कारण ती संस्था कोणा एकाच्या खुर्चीवर उभी नाही.

आणि जिथे कौशल्य नको असतं तिथे आपण देखावा आणतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये एकतानगर-अहमदाबाद मार्गावर ‘हेरिटेज’ गाडी सुरू झाली. तिचं इंजिन दिसायला वाफेचं, आतून विजेचं. पर्यटक खूश होतात, त्यांची चूक नाही. पण जे शिकवायला कोणाला नेमावं लागत नाही ते जपलं असं कसं म्हणायचं? विजेच्या इंजिनाला वाफेच्या इंजिनाचा अंगरखा शिवणं म्हणजे प्लॅस्टिकच्या केळीच्या पानावर पंगत वाढणं.

आता आक्षेपांकडे वळतो, कारण ते पोकळ नाहीत.

सगळ्यात वजनदार आक्षेप सुरक्षेचा. पाण्याची वाफ झाली की तिचं आकारमान सोळाशे पटींहून अधिक वाढतं. बॉयलर फाटला तर आतलं सगळं तापलेलं पाणी एका क्षणात वाफ होऊ पाहतं. १६ जून १९९५ ला अमेरिकेत पेनसिल्व्हेनियामध्ये गेटिसबर्गजवळच्या एका पर्यटन रेल्वेवर हेच घडलं. पाण्याची पातळी घसरली, जाळाच्या पेटीचं छत पाण्याबाहेर उघडं पडलं, लोखंड मऊ झालं आणि फाटलं. इंजिनवरचे तिघे भाजले. पाण्याची पातळी दाखवणाऱ्या साधनांची निगा आणि माणसांचं प्रशिक्षण, दोन्हींत खोट निघाली. काचनळी घाण असणं ही यंत्रशास्त्राची अवघड समस्या नाही, तो गलथानपणा आहे, आणि गलथानपणात आपण कोणाला हार जाणारे नाही हे मला मान्य आहे. पण अमेरिकेने त्यानंतर वाफेवर बंदी घातली नाही. नियम नव्याने लिहिले: बॉयलर १४७२ चालू दिवस किंवा १५ वर्षं, जे आधी होईल तेव्हा, पूर्ण उघडून तपासायचा. ब्रिटनमध्ये साधारण दहा वर्षांनी नळ्या काढून बॉयलर खोलतात, आणि त्यावर सही करणारा तपासनीस त्या रेल्वेचा हौशी सभासद नसतो, बाहेरचा असतो. स्वयंसेवक म्हणून आलेला माणूसही थेट रेग्युलेटरला, म्हणजे वाफ कमी-जास्त सोडणाऱ्या दांड्याला, हात लावत नाही. आधी इंजिन पुसतो, मग कोळसा टाकायला शिकतो, परीक्षा देतो, कित्येक वर्षांनी ड्रायव्हर होतो. हौस ही पात्रता नाही. पात्रतेकडे जाण्यासाठी लागणारं इंधन आहे, एवढंच.

दुसरा आक्षेप मला सुरक्षेपेक्षा जास्त टोचतो. ज्या देशात आयटीआय झालेला मुलगा कामासाठी वणवण फिरतो, तिथे फुकट राबणाऱ्यांचं कौतुक कशाला? उद्या रेल्वे म्हणेल की स्वयंसेवक आहेत, मग जागा कशाला भरायच्या? ही भीती खरी आहे. म्हणून रेघ आधीच ओढून ठेवायला हवी. रोजच्या प्रवासी वा मालगाडीशी संबंध असलेल्या एकाही कामाला स्वयंसेवकाचा हात लागता कामा नये. वारशाच्या इंजिनांवरही बॉयलरचं वेल्डिंग, रिव्हेटिंग आणि तपासणी पगारी कुशल माणसांकडूनच व्हावी, आणि निवृत्त फिटरना शिकवण्याचं मानधन मिळावं. गंज खरवडणं, रंग काढणं, नोंदी ठेवणं, मापं घेणं, वर्गणी गोळा करणं, कागदपत्रं शोधणं ही स्वयंसेवकाची कामं. ती कोणाची नोकरी हिरावत नाहीत, कारण ती आज कोणीच करत नाही.

यातून आणखी एक गोष्ट घडेल, जिच्याविना मी हा सगळा खटाटोप कमी महत्त्वाचा मानला असता. आपल्याकडे यांत्रिकी शाखेचे पदवीधर ढिगाने बाहेर पडतात आणि त्यांतल्या पुष्कळांनी कानस हातात धरलेली असते ती फक्त पहिल्या वर्षाच्या वर्कशॉपमध्ये, तीही जर्नल पूर्ण होईपर्यंत. हात काळे करणं हे खालच्या माणसाचं काम, ही समजूत आपल्या हाडीमासी आहे आणि तिचं मूळ कुठे आहे हे सांगायला नको. लोको शेडमध्ये ही उतरंड उलटी होते. तिथे पदवीधर पोरगं निवृत्त खलाशाला, म्हणजे शेडमधल्या मदतनीस कामगाराला, ‘काका, हे बेअरिंग गरम का होतंय?’ असं विचारतं आणि काका सांगतील तसं करतं. शनिवारी सकाळी चार तास का होईना.

तिसरा आक्षेप असा की ही इंग्रजांची इंजिनं. त्यांनी कापूस, कोळसा आणि सैन्य वाहायला आणली, त्यांची एवढी ओढ का? यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूरच्या शकुंतलेचंच पाहा. वऱ्हाडचा कापूस बंदराकडे नेण्यासाठी किलिक निक्सन कंपनीने ती बांधली. तिचं इंजिन १९२१ मध्ये मँचेस्टरला तयार झालं आणि सत्तर वर्षं राबून एप्रिल १९९४ मध्ये थांबलं. कापूस मँचेस्टरला, इंजिन मँचेस्टरहून. शोषणाचा याहून साफ नकाशा सापडणार नाही. पण ती कंपनीची गाडी वऱ्हाडातल्या लोकांनी ‘आमची शकुंतला’ केली, गरिबांची गाडी केली, आणि ती बंद पडल्यावर तिच्यासाठी आंदोलनं केली. इंजिन कोणाच्या कारखान्यात झालं याइतकंच सत्तर वर्षं त्यात कोळसा कोणी टाकला हेही इतिहासात मोजलं पाहिजे. तरीही शकुंतलेच्या बाबतीत माझं मत पर्यटनाच्या उत्साही मंडळींपेक्षा वेगळं आहे. यवतमाळच्या माणसाला आधी वेळेवर धावणारी ब्रॉडगेज गाडी हवी आहे. तिथे जाऊन खेळण्यातल्या गाडीची स्वप्नं दाखवणं हा शहरी उद्धटपणा ठरेल.

कोळशाच्या धुराबद्दल फार लिहीत नाही. भारताने २०२४-२५ मध्ये एक अब्ज टनांहून अधिक कोळसा काढला. वर्षातून काही दिवस चालणारं छोटं इंजिन त्या दिवशी फार तर टन-दोन टन जाळेल. हवामानाची चिंता करणाऱ्याने आपली शक्ती दुसरीकडे लावावी.

स्वयंसेवा ही आपल्या मातीत रुजणारी गोष्ट नाही, असं ज्यांना वाटतं त्यांनी एखाद्या शनिवारी सह्याद्रीतल्या गडावर जाऊन यावं. टाक्यांतला गाळ उपसणारी, बुजलेल्या पायऱ्यांवरची माती काढणारी, दरीत पडलेली तोफ दोरखंडाने वर ओढून तिला सागवानी गाडा करून देणारी पोरं तिथे भेटतात. पगार नाही, भत्ता नाही, एसटीचं भाडं खिशातलं. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले. त्या आधी कित्येक वर्षं यांच्या हातांनी गडांची निगा राखली. मात्र याच चळवळीकडून दुसरा धडाही घ्यायचा आहे. जिथे पुरातत्त्वाचा जाणकार सोबत नव्हता तिथे उत्साहाच्या भरात चुन्याच्या जागी सिमेंट लागलं, दगडाला तैलरंग फासला गेला, आणि ते आता काढता येत नाही. इंजिनाबाबतही हेच होईल. जुन्या आवरणात ॲसबेस्टॉस असतं. ते उघड्या हातांनी ओरबाडणारा स्वयंसेवक स्वतःच्या फुप्फुसावर उपकार करत नाही. म्हणून पहिला हातोडा पडण्याआधी पहिली सही जाणकाराची हवी.

सुरुवात कुठे करावी? माझं उत्तर नेरळ.

आदमजी पीरभॉय यांच्या पैशातून, त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांच्या खटपटीतून १९०७ मध्ये नेरळ-माथेरान गाडी सुरू झाली. दोन फुटी रूळ, सुमारे वीस किलोमीटर, वीस फुटांना एक फूट असा चढ, आणि वळणं अशी की साधं इंजिन त्यांवर अडकलंच असतं. त्यासाठी जर्मनीच्या ओरेनस्टाइन अँड कॉपेल कंपनीने चार खास इंजिनं दिली. त्यांच्या टोकाच्या चाकांचे आस पोकळ आवरणात बसवलेले आहेत, त्यामुळे वळणावर चाकं किंचित तिरपी होऊन रूळ धरतात. सल्लागार अभियंता होता एव्हरार्ड कॅलथ्रॉप, तोच ज्याने बार्शी लाइट रेल्वे उभी केली. त्या चार इंजिनांपैकी एक दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात आहे, एक नेरळला, आणि ७४० क्रमांकाचं इंग्लंडला गेलं.

नेरळचं गणित जमतं. रूळ आहेत आणि चालू आहेत. मूळ नकाशे परदेशातून मिळवावे लागतील, पण नेरळच्या इंजिनाचं जुळं दिल्लीत उभं आहे, मापं घ्यायला रेल्वेचा पास पुरेल. शेड आहे. मुंबई आणि पुणे दोन्ही जवळ, म्हणजे शनिवारी सकाळी निघून रात्री घरी परतणारे स्वयंसेवक मिळतील, आणि परळ, भायखळ्याच्या कारखान्यांतले निवृत्त लोकही याच पट्ट्यात राहतात. इंजिन लहान आहे. ब्रॉडगेजच्या एखाद्या अजस्र डब्ल्यूपी इंजिनाशी पहिल्याच फटक्यात झुंज घेण्यात शहाणपण नाही. पर्यटक आधीपासूनच येतात, त्यामुळे ‘हे चालवून कोण बसणार?’ हा प्रश्न उरत नाही. पुण्याच्या कोथरूडमध्ये १९९८ पासून एका रेल्वेवेड्या माणसाने उभं केलेलं लहान गाड्यांचं संग्रहालय पाहायला लोक येतात; माथेरानला खऱ्या वाफेमागे येणार नाहीत?

करार साधा असावा. इंजिन रेल्वेचं, पंधरा वर्षांसाठी नोंदणीकृत विश्वस्त संस्थेकडे देखभालीला. पहिलं वर्ष फक्त तपासणी आणि नोंदी; बॉयलर दुरुस्त होण्यापलीकडे गेला असेल तर तसं लेखी सांगायचं आणि नवा करायचा की थांबायचं हे तेव्हा ठरवायचं. काढलेला प्रत्येक मूळ भाग क्रमांक घालून जपायचा, सडलेला असला तरी. दरवर्षीचा हिशेब जाहीर. तीन वर्षं काम रेंगाळलं तर रेल्वेने इंजिन परत घ्यावं. पाण्याच्या दाबाची चाचणी आणि त्यानंतरची वाफेची चाचणी रेल्वेच्या बाहेरच्या तपासनीसासमोर. त्याने नाही म्हटलं तर इंजिन हलणार नाही, मग उद्घाटनाला मंत्री येऊन बसलेले असोत.

पैशाचं म्हणाल तर ब्रिटनमध्ये ‘टॉर्नेडो’ हे अख्खं नवं एक्स्प्रेस इंजिन लोकवर्गणीतून झालं. सगळी मूळ इंजिनं मोडीत निघाली होती, म्हणून १९९० मध्ये संस्था काढली, ‘आठवड्याला एका बिअरचे पैसे द्या’ असं लोकांना सांगितलं आणि २००८ मध्ये सुमारे तीस लाख पौंडांचं इंजिन रुळावर आलं. आपल्याकडे दहीहंडीच्या एका मंडळाची वर्षाची वर्गणी पाहिली की नेरळच्या छोट्या बॉयलरची फार काळजी वाटत नाही.

राहता राहिली परवानगी. ती रेल्वे बोर्डाकडून यायची आहे आणि तिला वेळ लागेल. दरम्यान कोणी तरी ७४० सांभाळणाऱ्या इंग्लंडमधल्या मंडळींना पत्र टाकायला हरकत नाही. त्या पोकळ आसांचं काय केलंत, कुठला भाग पहिल्यांदा झिजतो, नळ्या कुठून करून घेतल्यात, असं विचारायचं. त्या इंजिनाची भावंडं आपल्या घरी आहेत. त्यांच्याकडे काही मापं मागायला लाजायचं कारण नाही.